गळती कुठे आहे ते बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

मशीन शॉपला सुपरवायझर झालास, फार आनंद वाटला. प्रेसचे गार्ड, इमर्जन्सी स्टॉप हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील. पायाखालच्या जमिनीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनखालून कूलंट, म्हणजे धातू कापताना थंड ठेवणारं तेलकट पाणी, गळतं आणि दोन मशीनमधल्या वाटेवर पसरतं. मग कुणीतरी त्यावर पुठ्ठा अंथरतं. भिजलेला पुठ्ठा पायाखालून सटकतो. मला तर तो उघड्या तेलापेक्षा वाईट वाटतो, तेल निदान दिसतं तरी. पुठ्ठा दिसला की उचल आणि वाकून बघ: दाराचं रबर झिजलंय, धातूचा कीस पडतो तो चिप ट्रे तुंबलाय, की टाकीच जास्त भरलीय? मेंटेनन्सला लेखी कळव आणि गळती थांबेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नकोस. नुसतं पुसून घेतलंस तर पुढच्या शिफ्टला पुन्हा तेच.

कुणी पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "बघून चालता येत नाही का?" तुझ्या तोंडी ते येऊ देऊ नकोस. छातीशी क्रेट धरलेल्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत, त्याने काय बघायचं? जमीन, जिने, वाटा अडथळ्यांपासून आणि निसरड्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवाव्यात, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३२ मध्येच कारखान्याला बजावलं होतं.

आणखी एक. कंत्राटी पोरं पडलेलं लपवतात; उद्या कामावर घेणार नाहीत ही भीती. हात टेकून पडलेल्याला अंगठा ताणायला सांग. अंगठ्याच्या बुंध्याशी, मनगटावर जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखलं तर लगेच डॉक्टरकडे पाठव. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. मुरगळलंय म्हणून सोडून दिलं तर ते जुळायचं राहतं आणि पाना धरायची ताकदच जाते. एक्स-रे चांगला आला, पण दुखणं थांबलं नाही, तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासायला लाव.

आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी कर. जागा, वेळ, साक्षीदार सगळं लिही. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, कामावरच्या दुखापतीसाठी पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो, आणि तो कंत्राटी विमाधारकालाही मिळतो. नोंद नसली, तर दुखापत कामावरच झाली हे सिद्ध करताना त्या पोराच्या नाकी नऊ येतात.

तुझा,
काका