किल्ला बघ, पण माणसं चर्चमध्ये भेटतील

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

इंग्लंडातल्या किल्ल्यांची तुझी यादी वाचली. दोन दिवसांत विंडसर, वॉरिक, टॉवर ऑफ लंडन आणि वर लीड्सचा किल्ला! पहिल्या खेपेला मीही असाच सपाटा लावला होता. घरी येऊन फोटो काढून बसलो, तर कुठला बुरूज कुठला हेच सांगता येईना. तेव्हा माझं ऐकशील तर एकच घराणं धर आणि त्याचा माग काढत जा. मी यॉर्क घराणं सुचवेन, पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर घराण्याशी झुंजलेलं.

सुरुवात फॉदरिंगेपासून कर. गावाला रेल्वे नाही, पीटरबरोला उतरून पुढे गाडी करावी लागते. यॉर्कांचा शेवटचा राजा, तिसरा रिचर्ड, इथल्या किल्ल्यात १४५२ साली जन्मला. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद १५८७ साली झाला, तोही इथेच. एवढ्या नावाच्या जागी आज काय आहे? नेन नदीकाठी गवताची टेकडी, मेंढ्या आणि जुन्या भिंतीचा एक धोंडा. सह्याद्रीत चढण्यातच निम्मं सुख मिळतं, इथे पाच मिनिटांत माथा येतो आणि माणूस हिरमुसतो. हिरमुसू नकोस. तिथूनच चर्चचा मनोरा दिसतो, तिकडे चालू लाग.

मनोऱ्याचा वरचा भाग अष्टकोनी आहे. टोकाला बघ: सोनेरी ससाणा, आणि त्याच्याभोवती घोड्याच्या पायात अडकवतात तसली कुलपाची बेडी. हे यॉर्कांचं चिन्ह. एकदा डोळ्यांत बसलं की पुढे ठिकठिकाणी ओळखू येईल.

आत वेदीच्या दोन बाजूंना दोन स्मारकं आहेत. एक १४१५ साली फ्रान्समध्ये अजिंकूरच्या लढाईत पडलेल्या यॉर्कच्या ड्यूक एडवर्डचं, दुसरं रिचर्डच्या आईबापांचं. नीट बघितलंस तर घडण मध्ययुगीन वाटणार नाही, आणि ती नाहीच. आठव्या हेन्रीने पोपशी नातं तोडून मठ बंद केले, त्या धर्मबदलानंतर चर्चचा पूर्वेकडचा भाग पाडला गेला आणि थडगी उघड्यावर पडली. पुढे पहिल्या एलिझाबेथने १५७३ साली ही नवी स्मारकं उभारून त्यांची सोय लावली. म्हणून कुठल्याही थडग्यापाशी आत कोण आहे हे वाचून झालं, की ते कोणी आणि कधी बांधलं हेही विचार. खरी गंमत बहुतेक वेळा तिथे असते.

मग ट्यूक्सबरी. इथे घाई केलीस तर मी रागावेन. ४ मे १४७१ ला गावाबाहेर लढाई झाली, त्यात लँकेस्टरचा युवराज एडवर्ड मारला गेला. ॲबीत, म्हणजे तिथल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये, जमिनीवर त्याच्या नावाची पितळी पाटी आहे. पाटी वाचून मान वर कर. छताला सोनेरी सूर्य दिसतील, ते चौथ्या एडवर्डचं, म्हणजे जिंकणाऱ्या यॉर्क राजाचं आणि आपल्या रिचर्डच्या थोरल्या भावाचं, चिन्ह. या राजाचा दुसरा भाऊ क्लॅरेन्स वेदीमागच्या तळघरात आहे. या लढाईत तो भावाच्या बाजूने होता, आणि सात वर्षांनी भावानेच त्याला देहदंड दिला. शेजारी डेस्पेन्सर घराण्याच्या एका छोट्या प्रार्थनाघराच्या छपरावर एक सरदार गुडघे टेकून वेदीकडे बघत बसलाय, खालून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बायनॉक्युलर बरोबर घेऊन जा, लाजू नकोस. आणि हे सगळं उरलं कशामुळे? मठ बंद झाला तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून ॲबी राजाकडून विकत घेतली.

लेस्टरबद्दल मी फार लिहीत नाही, सगळेच सांगतात. २०१२ साली गाड्यांच्या तळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, २०१५ मध्ये कॅथीड्रलमध्ये पुन्हा दफन झालं. नवं थडगं मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतं. पण त्यावरची क्रूसाची खोल खाच बाजूने बघ, तिथे प्रकाश छान उतरतो.

एक व्यवहाराचं. चर्चं बहुधा फुकट असतात, दानपेटीत काहीतरी टाकत जा. आणि शनिवारी दुपारी आधी चौकशी केल्याशिवाय निघू नकोस. एकदा मी तीन गाड्या बदलून एका चर्चपाशी पोचलो, तर आत लग्न! दोन तास भिंतीवर बसून सँडविच खाल्लं, आणि दार उघडलं तेव्हा माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

ट्यूक्सबरीहून आलीस की तो गुडघे टेकलेला सरदार सापडला का, तेवढं कळव.

तुझा,
काका