ॲपवरच्या भाड्याच्या स्कूटर लोक एवढ्या का फोडतात?

प्रश्नात तुम्ही पुढे असंही विचारलंय की आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही का. त्यावर मी काही बोलत नाही, तो विषय निघाला की प्रत्येकजण सिंगापूरला जाऊन आलेला असतो. पण स्कूटरचं सांगू शकतो, कारण २०१९ मध्ये बंगलोरला अशाच एका कंपनीच्या फील्ड टीममध्ये होतो. काम काय, तर रात्री दहा ते सकाळी सहा टेम्पो घेऊन फिरायचं आणि आडव्या पडलेल्या, बंद पडलेल्या, हरवलेल्या गाड्या गोळा करायच्या.

आमच्याकडे सगळ्याची नोंद "तोडफोड" अशीच व्हायची, पण त्यातलं बरंचसं रागाने केलेलं नसायचंच, सरळ सरळ चोरी असायची. पहिलं हेल्मेट जाणार, मग आरसे, मग बॅटरी. पेट्रोल तर पाइप काढून बाटलीत. आणि बॅटरी गेली की थोड्या वेळाने जीपीएस पण मान टाकायचं, मग आम्ही शेवटचं लोकेशन घेऊन मोबाइलच्या टॉर्चने गल्लीबोळ धुंडाळत बसायचो, कुत्री मागे.

हवा सोडलेल्या गाड्यांचा मामला मला महिनाभर कळला नाही. एका अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये, त्याच पिलरमागे, आठवड्यातून तीनदा तरी पुढच्या चाकात हवा नसलेली गाडी सापडायची, पंक्चर बघावं तर पंक्चर नाही. शेवटी वॉचमननेच हसत सांगितलं की वरचा एक पोरगा रात्री गाडी आणून लावतो, हवा सोडतो आणि सकाळी हातपंप घेऊन खाली येतो. का, तर मधल्या वेळेत दुसऱ्या कुणी नेऊ नये! रात्रभराचं भाडं पण द्यायचं नाही आणि गाडी मात्र आपलीच. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तेच हे. म्हणजे नुकसान करणारा आमचाच रोजचा कस्टमर, आणि ॲपवर त्याचं रेटिंग पण चांगलं.

आता राग. तो पण होता आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मला तो पटायचा. एका मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली आमच्या पाच-सहा गाड्या रोज पहाटे आडव्या पडलेल्या असायच्या, ऑफिसचं म्हणणं दारुड्यांचं काम. एकदा पावणेपाचला मी टेम्पोत बसून बघत राहिलो तर एक साठीची फुलवाली आली, टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि पहिल्या गाडीला असा काही रेटा दिला की बाकीच्या तिच्यामागोमाग आपोआप गेल्या. मग तिने त्या ओढून बाजूला केल्या, जागा झाडली, पाणी शिंपडलं आणि मोगरा गुंफायला बसली. मी जाऊन माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत विचारलं, अम्मा हे काय? ती म्हणाली, मी इथे बसायचे रोज वीस रुपये देते, तुझा मालक किती देतो? कुणाला देते ते मी विचारलं नाही. मालक काय देतो ते मलाही माहीत नव्हतं, पण तिला तरी काही देत नव्हता.

इथे गाड्या लावा असं दाखवणारा ॲपवरचा तो पिन तीसेक फूट सरकवायला मला अकरा दिवस मेल लिहायला लागले. सरकवला, आणि गाड्या एका मेडिकलच्या दारात लागायला लागल्या, मग त्या मेडिकलवाल्याचे फोन सुरू झाले.

बाहेर सगळं आलबेल असतं असं पण नाही. पॅरिसमध्ये २०१८ ला त्या उभं राहून चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्या, फुटपाथभर पसरल्या, लोकांनी सीन नदीत सुद्धा टाकल्या. पालिकेने कंपन्या तीनच ठेवल्या, गाड्या १५ हजारांवर आणल्या, पार्किंगच्या जागा आखून दिल्या, काही भागांत स्पीड ताशी १० किलोमीटरवर आणला, तरी लोकांचं डोकं तापलेलंच. एप्रिल २०२३ मध्ये मतदान घेतलं तर ८९ टक्के लोक विरोधात, आणि मतदानाला आले किती, तर आठ टक्के सुद्धा नाहीत! त्या सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर बंद. ज्यांच्या वाटेत त्या येत होत्या ते मत द्यायला गेले, चालवणारे बहुतेक घरीच बसले असावेत.

आणि पुणेकरांनी तर हसूच नये, २०१७-१८ ला औंधात, विद्यापीठात त्या शेअरिंगच्या सायकली आल्या होत्या त्या मोडतोड होऊन कशा गायब झाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथेही "पुणेकरांना चांगलं काही पचत नाही" असंच म्हणून झालं. माझं म्हणणं एवढंच की गाडी ज्याच्या दारात उभी राहते त्याला तिच्यातून काही मिळत नाही, फक्त अडचण मिळते. मग तो कशाला तिच्याकडे लक्ष देईल? कुणी आरसा काढत असेल तर तो सरळ मान फिरवतो, मी पण फिरवली असती.

आम्ही एक प्रयोग केला होता. वर सांगितलं त्याच अपार्टमेंटच्या वॉचमनला महिन्याला पाचशे रुपये द्यायला लागलो, अट एवढीच की रात्री गाड्यांवर नजर ठेवायची. दोन महिने तिथलं एक हेल्मेट गेलं नाही आणि हातपंपवाला पोरगा पण सरळ झाला. तिसऱ्या महिन्यात अकाउंट्सने पावती मागितली. वॉचमन कुठली पावती देणार?