आजीची पाऊणपट आणि पुस्तकातली पन्नास मिनिटे

वाचकांचे प्रश्न : मूल आणि शाळा

प्रश्न : सादर नमस्कार. आम्ही हर्णैजवळ राहतो. घरचा धंदा मासेमारीचा आहे. माझी मुलगी दहा वर्षांची असून चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तेथे दोन शिक्षक होते, वर्गात जेमतेम अकरा मुले होती आणि हिच्या प्रश्नांना अंत नसे. या जूनपासून तिला तालुक्याच्या गावी मोठ्या शाळेत, पाचवीच्या सेमी इंग्रजी वर्गात घातले. या वर्गात साठ मुले आहेत. ऑगस्टमध्ये सरांनी सांगितले की भरती रोज पन्नास मिनिटे उशिरा येते. ही उभी राहून म्हणाली, ‘‘माझी आजी पाऊण तास सांगते.’’ सगळा वर्ग हसला आणि सर म्हणाले, ‘‘आजीचं राहू दे, पुस्तकातलं लिही.’’ तेव्हापासून ती शाळेत तोंड उघडत नाही आणि घरीही पूर्वीसारखे काही विचारीत नाही. चाचणीत गुण चांगले आहेत, म्हणून तिचे वडील निर्धास्त आहेत. नव्वद टक्के मिळाले तर सायकल, असे त्यांनी तिला कबूल केले आहे आणि शिकवणीही लावायची म्हणतात. मला मात्र घर सुने वाटते. शाळेत जाऊन सरांना जाब विचारावा का?
– एक आई

उत्तर : सर्वांत आधी आजींच्या हिशोबाबद्दल लिहिते, कारण तुमच्या मुलीला तोच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर तिला अजून कोणीही दिलेले नाही.

आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा असा, की तिथीची पाऊणपट करावी म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. याचाच अर्थ एका तिथीमागे भरती पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे, पुढे जाते. सरांनी सांगितलेली ५० मिनिटेही खरी आहेत. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो पुन्हा त्याच जागी दिसायला सरासरी २४ तास ५० मिनिटे लागतात आणि भरती त्याच्या मागोमाग येते. मग आजी चुकल्या का? पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथी होतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ बारा तास पुढे सरकून पुन्हा जवळजवळ मूळ ठिकाणी येते. बारा तासांना पंधरांनी भागले तर एका तिथीला ४८ मिनिटे येतात. तिथी ही सरासरीने घड्याळाच्या दिवसापेक्षा थोडी लहान असते, म्हणून तिथीचे ४८ आणि दिवसाचे ५० हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. आजींची पाऊणपट त्याहून तीन मिनिटांनी कमी आहे, पण ती होडीत उभ्या उभ्या, कागद-पेन्सिलीवाचून करता येते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, भरती रोज पाऊण तासाहूनही कमी उशिराने येते, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तोच उशीर तासाच्या वर जातो. ५० मिनिटे ही या सगळ्याची सरासरी आहे.

तुमची मुलगी वर्गात उभी राहिली तेव्हा तिने दोन हिशोबांतला पाच मिनिटांचा फरक पकडला होता. दहाव्या वर्षी हे करणारे मूल माझ्या सत्तावीस वर्षांच्या शिक्षकीत मला फार थोड्या वेळा भेटले. हे तिला आजींच्या देखत, शांतपणे आणि सविस्तर सांगा. त्यानंतर एक वही करून द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी, पाऊणपट काढून आलेली वेळ आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी प्रत्यक्ष सर्वांत वर आले ती घड्याळातली वेळ, असे तीन रकाने आखावेत. एक पौर्णिमा ते पुढची अमावास्या एवढे दिवस पुरेत. दिवसाउजेडी येणारी भरतीच धरावी आणि घरातले मोठे माणूस सोबत असावे. एखादा दिवस चुकला तर ती जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. एवढा एकच नियम मात्र कडक ठेवा. पाणी थांबले हे नेमके कधी म्हणायचे, यावर तिचे आणि आजींचे मतभेद होतील. ते होऊ द्यावेत. आजींना पायरीवरचा ओला पट्टा दिसतो, मुलीला घड्याळ दिसते, आणि दोघींचे बोलणे त्या निमित्ताने पुन्हा सुरू होईल.

आता तिच्या गप्प राहण्याविषयी. शाळेत मूल घरच्यापेक्षा कमी विचारते, हे सर्वत्र दिसते. इंग्लंडमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या मुलींची घरातली आणि बालशाळेतली संभाषणे ध्वनिमुद्रित केली होती. त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुली घरी तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत आणि शाळेत अवघे २. यावरून घर चांगले आणि शाळा वाईट असा निष्कर्ष काढू नये. घरी आपण ज्याविषयी बोलतो ते समोरच्या माणसाला ठाऊक असते, म्हणून प्रश्नाला लगेच जागा मिळते. शाळेत मुलाचे जग कोणालाच ठाऊक नसते. अकरा मुलांच्या वर्गात तुमच्या मुलीच्या आजी गुरुजींच्या ओळखीच्या होत्या. साठ मुलांच्या वर्गात ‘माझी आजी’ या शब्दांमागे चाळीस वर्षांचे समुद्राचे निरीक्षण आहे, हे त्या सरांना कळण्याचा मार्गच नव्हता. मुलीची जिज्ञासा गेलेली नाही. तिने ती कोणापुढे उघडायची याबाबत सावधगिरी धरली आहे, आणि हसे झालेल्या माणसाने सावध व्हावे यात गैर काही नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट ही, की ती सावधगिरी घरापर्यंत आली. म्हणून पहिले काम घरातच आहे.

सेमी इंग्रजीचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण मला तो मोठा वाटतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले की मुले व्याख्या पाठ करून गुण मिळवू शकतात, मात्र प्रश्न पाठ करून विचारता येत नाही. तो ज्या भाषेत पडतो त्याच भाषेत नीट मांडता येतो. तुमच्या मुलीला उधाण, भांग, सुकती (ओहोटी) हे शब्द समजतात. इंग्रजी शब्दांना तिच्या लेखी अजून पाण्याचा वास नाही. तिने वहीत प्रश्न घरच्या बोलीतच लिहावेत आणि इंग्रजी शब्द मागाहून, पुस्तकात सापडेल तेव्हा, शेजारी लिहावा. या क्रमाला तिचे वडील ‘मागे पडणे’ म्हणतील. तसे काही होत नाही. ज्याची वस्तू ओळखीची आहे तो शब्द लवकर बसतो.

सायकलीविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. सायकल जरूर घ्या, पण ती टक्क्यांशी बांधू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालशाळेत केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शिक्षणशास्त्रात तो आजही शिकवला जातो. ज्या मुलांना चित्रे काढायची मुळातच हौस होती, त्यांच्यापैकी काहींना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगण्यात आले. काही दिवसांनी, बक्षिसाचा विषय संपल्यावर, रंगीत पेने नुसती समोर ठेवली तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना कल्पना न देता नंतर प्रशस्तिपत्र दिले गेले, त्यांची हौस मात्र टिकून होती. म्हणजे कौतुकाने काही बिघडत नाही. आधीच सौदा ठरला की आवडीचे काम मजुरीचे होते. तुमच्या यजमानांचा हेतू प्रेमाचाच आहे. शाळेची बस लांब पडते म्हणून सायकल, असे त्यांनी सांगितले तर त्यांचा शब्दही राहील आणि मुलीचा अभ्यासही तिचा राहील. शिकवणीची घाई या वर्षी करू नये. संध्याकाळचे जे दोन तास तिला धक्क्यावर मिळतात, तेच शिकवणीत जातील.

आणि शाळा. जाब विचारायला जाऊ नका, पण जायलाच हवे. पंधरा दिवसांची वही पूर्ण झाली की ती घेऊन, मुलीची तयारी असेल तरच, मधल्या सुट्टीत सरांना भेटा. ‘‘सर, तुम्ही सांगितलेली पन्नास मिनिटे हिने मोजून पाहिली, तेवढी एकदा पाहाल का?’’ एवढेच म्हणा. ऑगस्टमधल्या प्रसंगाचा उल्लेख तुम्ही करू नका. वही पाहिल्यावर तो त्यांना आपसूक आठवेल. साठ वह्या तपासणाऱ्या, अभ्यासक्रम संपवण्याच्या ताणात असलेल्या माणसाला आपण शिकवलेले कोणी मोजून पाहिले याचा आनंदच होतो. मी शिक्षिका असताना एका मुलाने मला असेच तोंडावर चुकीचे ठरवले होते आणि मीही त्याला खाली बसवले होते. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी काही न बोलता, ज्याविषयी आमचे बोलणे झाले होते त्या जांभ्या दगडाचा एक तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा मी त्याची वर्गासमोर माफी मागितली. त्या सरांकडून काहीच प्रतिसाद आला नाही, तर विज्ञानाच्या बाई असतील, ग्रंथपाल असतील, प्रयोगशाळेतले मदतनीस असतील. साठांच्या वर्गातही मुलाला एकच माणूस लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, २९ व्या कलमात मुलाला भीती व दडपण यांपासून मुक्त ठेवणे आणि मत मोकळेपणाने मांडण्यास मदत करणे या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. शाळा अनुदानित असेल तर तिच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. पालक सभेत हा विषय सर्व मुलांसाठी म्हणून काढता येईल, पण ते नंतर.

त्या एका माणसाचे महत्त्व सांगणारी हकिगत पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. तेथील मानद सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखून तर दिलाच, शिवाय संग्रहातले खणांमागून खण उघडून त्या पोराला शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे १९३० मध्ये, हातात नोकरी नसताना, हेच सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणींची घरटी पाहत बसले. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या येऊन तपासतात, पसंत पडले तर त्यात राहतात, आणि मग नर ते पुरे करून दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तेथे टिपले. आपण मराठीत त्या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो आणि सारे श्रेय मादीला देतो! तुमच्या मुलीला हे सांगून पाहा. ती काही विचारते का, ते मला जरूर कळवा.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका शाळेत नुकताच बदलून आलो आहे. माझ्यासाठी शाळा नवी आणि मुलांसाठी मी नवा. मुले आज्ञाधारक आहेत, पण काही विचारा म्हटले की माना खाली घालतात. काय करावे?
– एक शिक्षक

उत्तर : तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती थांबता, हे एकदा मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात असंख्य तास ऐकून दाखवून दिले की शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उभे करतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, गप्प राहणारी मुले बोलतात आणि मुलांचे प्रश्नही वाढतात. तीन सेकंद उभ्या माणसाला फार वाटतात, सवय व्हायला महिना जातो.

दुसरे म्हणजे वर्ग बाहेर न्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तुमच्याकडे तर वाळू आहे. सुकतीला ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांच्या बिळांभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पडलेली असते. खेकडा वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. हे मुलांना सांगू नका. चौघाचौघांना एकेका बिळापाशी दहा मिनिटे, सावली न पाडता, बसवा आणि गोळ्या कोठून आल्या एवढेच विचारून तुम्हीही गप्प बसा. पावसाळा संपल्यावर जा. सुकतीची वेळ मात्र आदल्या दिवशी मुलांनाच, वरच्या उत्तरातल्या पाऊणपटीने तिथीवरून आधी भरतीची वेळ काढून, तिच्यावरून ठरवायला सांगा, पाऊणपटीत चूक झाली तर भिजाल.