प्रतिकूल परिस्थितीवर मात केलेल्या व्यक्तीवर शालेय शोधनिबंध कसा लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात केलेली व्यक्ती’ या विषयावर दीड हजार शब्दांचा शोधनिबंध लिहायचा आहे, पहिला खर्डा शिक्षकांनी ‘हे चरित्र झाले, यात संशोधन कुठे आहे?’ असा शेरा मारून परत दिला आहे, आणि आता व्यक्ती बदलावी की लिहिण्याची पद्धत, हे तुम्हाला कळत नाही. मी बरीच वर्षे असे निबंध वाचत आणि तपासत आलो आहे. व्यक्ती बदलण्याची गरज बहुधा नसते, प्रश्न बदलावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

परत आलेले बहुतेक खर्डे एकाच साच्यातून काढलेले असतात. जन्म, बालपण, कोसळलेले संकट, मग ‘पण त्यांनी हार मानली नाही’ हे वाक्य, मग यश आणि शेवटी आपण काय शिकावे याचा परिच्छेद. एका विद्यार्थिनीच्या निबंधात मी ‘जिद्द’ हा शब्द मोजला, तो अकरा वेळा आला होता. मी तिला एवढेच सांगितले की हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे तो खोडावा आणि त्या दिवशी, त्या वर्षी त्या व्यक्तीने प्रत्यक्षात काय केले ते लिहावे. अकरापैकी सात ठिकाणी तिला लिहिण्यासारखे काही सापडले नाही, आणि त्या सात रिकाम्या जागा हेच तिचे संशोधनाचे काम ठरले. तुमच्या खर्ड्यावरही हा प्रयोग आधी करून पाहा.

चरित्राचा शोधनिबंध होतो तो दोन प्रश्नांमुळे: अडथळा नेमका कोणता होता, आणि तो नेमका कशाने दूर झाला? हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. अंधांसाठी ठिपक्यांची लिपी तयार करणारे लुई ब्रेल यांचे उदाहरण घेऊ, कारण त्यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. सर्वांना ठाऊक असलेली हकिगत अशी की, १८०९ साली फ्रान्समधील कूव्रे या गावी जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्याला वयाच्या तिसऱ्या वर्षी, खोगीर-लगाम बनवणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात, चामड्याला भोके पाडण्याची आरी लागली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. साचेबंद निबंध इथून थेट ब्रेल लिपीवर उडी मारतो आणि अंधत्वावर मात झाली असे जाहीर करतो.

आता थोडे थांबून पाहा. १८१९ साली, दहा वर्षांचा असताना, लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तिथे पुस्तके होती. डोळस लोकांची तीच अक्षरे जाड कागदावर उठावदार छापलेली असत आणि मुलांनी प्रत्येक अक्षराची वळणे बोटाने चाचपून ओळखायची असत. वाचन फार सावकाश होई, पुस्तके अवजड असत, आणि या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिता येणे जवळजवळ अशक्य होते. पुढे शार्ल बार्बिए या गृहस्थांची उठावदार ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. तिच्या एका चौकटीत दोन उभ्या ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा, असे बारा ठिपके असत. तुमच्या तर्जनीच्या पेराकडे पाहा: बारा ठिपक्यांची उभी चौकट त्याखाली एका स्पर्शात मावत नाही, बोट वरखाली फिरवावे लागते. शिवाय ती पद्धत उच्चारावर आधारलेली असल्यामुळे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे तिच्यात दाखवता येत नसत. लुईने ठिपके सहा केले, म्हणजे चौकट एका बोटाखाली आली आणि सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट वेगवेगळ्या आकृत्या मिळाल्या. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, ही पद्धत बव्हंशी तयार होती आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. मात्र खुद्द त्यांच्या शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, आणि ब्रेल यांचे निधन त्याआधी दोन वर्षे, जानेवारी १८५२ मध्ये, क्षयाने झाले होते.

या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की प्रश्न आपोआप उभा राहतो. लिपी १८२९ साली छापून झाली होती, मुले ती वापरत होती, तर मधली पंचवीस वर्षे कोण अडून बसले होते आणि का? उत्तर शोधताना कळते की शाळेतल्या डोळस मंडळींना स्वतःला डोळ्यांनी वाचता येईल अशीच अक्षरे हवी होती, वेगळी लिपी दिली तर अंध मुले समाजापासून तुटतील अशी भीतीही होती, आणि एक काळ असा होता की शाळेत या ठिपक्यांना मनाई होती व विद्यार्थी ते चोरून वापरत. म्हणजे दृष्टी जाणे हे संकट होते हे खरे, पण वाचनाच्या वाटेतला अडथळा दुसऱ्यांच्या कल्पनांचा होता. ‘लुई ब्रेल यांनी अंधत्वावर कशी मात केली?’ या प्रश्नाऐवजी ‘उपयुक्त ठरलेली लिपी स्वीकारायला तिच्या कर्त्याच्याच शाळेने पंचवीस वर्षे का घेतली?’ असा प्रश्न घेऊन लिहायला बसलात, तर तोच माणूस आणि तीच माहिती असूनही निबंध संशोधनाचा होतो, कारण आता तुमच्याजवळ पुराव्याने सिद्ध करण्यासारखे एक विधान आहे.

व्यक्ती अजून ठरली नसेल तर निवडीची कसोटी साधनांची ठेवा. त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेले काही, तिच्या समकालीनांनी लिहिलेले काही, आणि नंतरच्या एखाद्या अभ्यासकाने चिकित्सेने लिहिलेले चरित्र, असे तीन प्रकारचे ऐवज तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळत असतील तरच पुढे जा. ती व्यक्ती कितीही आवडती असली, तरी तिच्याविषयी सगळीकडे एकच मजकूर फिरत असेल तर तिच्यावर संशोधन होऊ शकत नाही.

साधने हाताशी आली की ती एकमेकांशी ताडून पाहणे हा या कामाचा सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि दुर्दैवाने मुले तोच वगळतात. अगदी लहानपणी दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या हेलन केलर यांचा पाण्याच्या पंपाचा प्रसंग घ्या. १८८७ सालच्या एप्रिलमध्ये शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांनी सात वर्षेही पूर्ण न झालेल्या हेलनच्या एका हातावर पाणी पडू दिले आणि दुसऱ्या हातावर बोटांच्या खुणांनी त्या शब्दाची अक्षरे जुळवली, तेव्हा प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगले. केलर यांनी हा प्रसंग १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आठवणीतून लिहिला, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ सोळा वर्षांनी. सलिव्हन यांनी मात्र त्याच दिवसांत लिहिलेली पत्रे आहेत आणि तीही छापलेली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की दिसते, आठवणीत जो क्षण विजेसारखा लख्ख आहे, त्याच्यामागे पत्रांमध्ये जवळजवळ एका महिन्याची रोजची मेहनत आहे. हेलनला त्याआधीच बरेच शब्द बोटांच्या खुणांनी जुळवता येत होते, फक्त ते शब्द म्हणजे वस्तूंची नावे आहेत हे कळत नव्हते. दोन्ही साधने प्रामाणिक आहेत, तरी ती वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तो वेगळेपणा एका परिच्छेदात नीट मांडलात तर तो तुमच्या निबंधातला सर्वांत मोलाचा परिच्छेद होईल.

कधी कधी साधन गप्प असते आणि ते गप्प का आहे हेच शोधावे लागते. फ्रेडरिक डग्लस १८३८ साली अमेरिकेतील बाल्टिमोरहून गुलामगिरीतून निसटले. १८४५ सालच्या पहिल्या आत्मचरित्रात आपण कसे निसटलो हे सांगण्याचे त्यांनी जाणूनबुजून टाळले आणि टाळण्याचे कारणही तिथेच दिले: मार्ग उघड केला तर मदत करणारे अडचणीत येतील आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपल्यावरही बऱ्याच वर्षांनी, १८८१ सालच्या तिसऱ्या आत्मचरित्रात, त्यांनी ती हकिगत सांगितली. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची कागदपत्रे उसनी घेऊन, खलाशाच्या वेषात, ते आगगाडीत चढले होते. कागदावरचे वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते, त्यातला माणूस त्यांच्यापेक्षा बराच सावळा होता. तिकीट तपासनिसाने कागदाच्या माथ्यावरचे गरुडाचे चित्र पाहिले, ओझरती नजर टाकली आणि तो पुढे गेला. ज्या विद्यार्थ्याने फक्त १८४५ चे पुस्तक पाहिले त्याच्या निबंधात पलायनाच्या जागी ‘अतुलनीय धैर्य’ एवढेच शब्द येतात. तिसरे पुस्तकही पाहणाऱ्याला उसना कागद दिसतो, तो देऊन स्वतःचे स्वातंत्र्य धोक्यात घालणारा मित्र दिसतो, आणि धैर्य हा शब्द वापरावाच लागत नाही.

यालाच जोडून एक गोष्ट मला फार जवळची वाटते. मदत करणाऱ्यांची नावे निबंधातून गळतात. नायकाचे मोठेपण कमी होईल अशी भीती लिहिणाऱ्याला वाटत असावी. डग्लस यांच्या पलायनाला अ‍ॅना मरे यांनी आपल्या कमाईतली शिल्लक दिली होती. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या. डग्लस यांच्या स्वतःच्या पुस्तकांत त्यांच्याविषयी फार थोडे आहे. त्यांची आठवण नीट नोंदली ती मुलीने, १९०० साली. अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटू विल्मा रुडॉल्फ यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावण्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके मिळवली, हे सगळे लिहितात. आई उपचारासाठी त्यांना दूरच्या, कृष्णवर्णीयांना दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयात वर्षानुवर्षे नेत होती आणि घरची माणसे आळीपाळीने त्यांचा पाय चोळत होती, हे क्वचितच कोणी लिहिते. जवळच्या रुग्णालयात का नेता येत नव्हते, हा प्रश्न विचारलात की वर्णभेद हा दुसरा अडथळा निबंधात आपोआप येतो. विल्माच्या पायाचा आधारपट्टा कितव्या वर्षी सुटला याविषयी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी वये दिलेली आढळतील. अशा वेळी सोयीचा आकडा उचलू नका. साधनांत एकवाक्यता नाही असे सरळ लिहा आणि तुम्ही एखादा आकडा का स्वीकारला ते सांगा. शिक्षकांना त्या एका वाक्यातून तुमचे वाचन कळते.

ओळखीतल्या एखाद्या हयात व्यक्तीवर लिहावे असे वाटत असेल तर तेही उत्तम, पण मग जबाबदारी वाढते. आधी परवानगी घ्या, शाळेत हे कोण कोण वाचणार आहे ते सांगा, खरे नाव घालायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या आणि मजकूर पूर्ण झाल्यावर त्यांना वाचायला द्या. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नापेक्षा ‘त्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते असे?’ या प्रश्नाला नेहमीच अधिक बोलके उत्तर मिळते. एखाद्या विषयावर त्या गप्प झाल्या तर तो विषय तिथेच सोडा. निबंधाच्या गुणांसाठी कोणाची जखम उकरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

टिपणे काढताना एका कागदावर एकच मुद्दा लिहा आणि त्याच कागदावर पुस्तक, लेखक, वर्ष व पान तेव्हाच नोंदवा, कारण नंतर पान सापडत नाही. दुसऱ्याची वाक्ये जशीच्या तशी घेतलीत तर टिपणातच अवतरणचिन्हे टाका, नाहीतर पंधरा दिवसांनी ती तुम्हाला स्वतःचीच वाटू लागतील आणि वाङ्मयचौर्य नकळत होऊन बसेल. थोरांच्या नावाने फिरणारी सुविचारवजा वाक्ये मूळ ठिकाणी सापडेपर्यंत वापरू नका.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरुवात करण्याचा मोह टाळा. तुमचा प्रश्न ज्या क्षणी सर्वांत ठळक दिसतो तिथून आरंभ करा, पहिल्या परिच्छेदाच्या अखेरीस आपले विधान एका वाक्यात मांडा, आणि चरित्रातला जो तपशील त्या विधानाला उपयोगी नाही तो कितीही रंजक असला तरी गाळा. दीड हजार शब्द फार नसतात. बालपणाला दोनशे दिलेत तरी पुष्कळ झाले. शेवटी बोधाचा परिच्छेद जोडू नका. ब्रेल यांच्यावरचा निबंध १८५४ सालच्या त्या निर्णयापाशी संपू शकतो: निर्णय कोणी घेतला, तोपर्यंत काय बदलले होते, आणि त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके आली, एवढे पुराव्यानिशी सांगून लेखणी खाली ठेवा. खर्डा पुन्हा लिहून झाल्यावर पहिला परिच्छेद आणि तुमचा प्रश्न इथे लिहिलात तर मी तो नक्की वाचेन.