कौन्सिलर म्हणजे वकील नव्हे

ऐरोलीहून एका भावाचा मेसेज आलाय. बहीण अकरा महिने जेलमध्ये, नवऱ्याच्या मृत्यूवरून खुनाचं कलम. नऊ वर्षं मार खाल्ला, आता रात्री दचकून उठते. बायकांच्या बराकीत एका संस्थेची कौन्सिलर, म्हणजे समुपदेशक, दर आठवड्याला ग्रुप घेते, मारहाण सोसलेल्या बायकांना बोलतं करते. नाव द्यावं का, केसला त्रास होईल का? असे मेसेज अधूनमधून येतातच.

नाव द्या. मानसिक उपचार मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिचा हक्क आहे, जेलमध्ये असली तरी, त्यावर जास्त बोलत नाही.

खरी गोम आहे त्याच कायद्याच्या कलम 23 मध्ये, गोपनीयतेच्या. डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट यांनी माहिती गुप्त ठेवायची, पण त्यातच अपवाद दिलेत, हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं लागेल तेवढी माहिती बाहेर येऊ शकते. संस्थेची कार्यकर्ती या कलमात बसते का यावर वाद होऊ शकतो, आणि शेजारी मांडी घालून बसलेल्या बाकीच्या बायकांवर तर गुप्त ठेवायचं कसलंच बंधन नाही. वकिलाशी बोललेलं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 132 नं झाकलं जातं, कौन्सिलरशी बोललेलं तसं नाही. कस्टडीतली कबुली कोर्टात चालत नाही असं सगळे सांगतात, अहो ते पोलीस कस्टडीबद्दल, तुमची बहीण न्यायालयीन कोठडीत आहे, तिथे ती आड येत नाही. कौन्सिलरला किंवा शेजारणीला दिलेली कबुली कमजोर पुरावा मानतात हे खरं, पण कमजोर म्हणजे शून्य नव्हे.

म्हणून नऊ वर्षांचं सगळं ग्रुपमध्ये बोलू दे, रडू दे. फक्त नवरा गेला त्या रात्री काय झालं ते वकिलाशिवाय कोणाला नाही, निदान केस संपेपर्यंत. कौन्सिलरला हे आवडणार नाही, अर्धवट बोलून माणूस बरं होत नाही म्हणतील, बरोबरच आहे त्यांचं, पण केस त्यांना लढायची नाहीये.

मारहाणीचं बोलणं मात्र उपयोगी पडू शकतं. 2013 मध्ये गुवाहाटी हायकोर्टानं मंजू लाक्रा केसमध्ये वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईच्या मनाचा विचार करून खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणला. आपल्या कोर्टावर ते बंधनकारक नाही, पण दाखवता येतं. दाखवायला कागद लागतो आणि तिथे तुम्ही घोळ घातलात! दोनदा हॉस्पिटलमध्ये नेलं, दोन्ही वेळा "बाथरूममध्ये पडली" सांगितलं, वर केसपेपर रद्दीत घातले. लोक काय म्हणतील म्हणून ना? आता वकिलांना सांगून बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या) कलम 94 खाली कोर्टामार्फत हॉस्पिटलचं रजिस्टर, एक्स-रे मागवा, असतील तर. तिथेही पडली असंच लिहिलेलं असणार, पण जखम कुठे होती ते तरी कळेल.

सायकियाट्रिस्टच्या तपासणीसाठी जेलरला तोंडी विनवण्या करू नका, कोर्टात लेखी अर्ज द्या. ठाण्यात 1901 पासूनचं मनोरुग्णालय आहे, तिथे तपासणीची मागणी करता येते, मिळेलच असं नाही आणि किती तारखा जातील देव जाणे. वकील फोन उचलत नसतील तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाई आणि त्यात कोठडीतली, उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

आणि हे सगळं तिला पत्रात लिहून पाठवू नका, जेलमध्ये पत्रं वाचतात. जेलमध्ये भेटायला जाल तेव्हा त्या रात्रीचा विषय तुम्हीही काढू नका. ते वकीलच बोलतील तिच्याशी.