ट्राउटच्या गाठीत अपोलिपोप्रोटीन ए-१ जास्त आलं, म्हणून काय लिहायचं?

तुमचा प्रश्न असा: अफ्लाटॉक्सिन बी-१ (बुरशीचं विष) दिलेल्या रेनबो ट्राउटच्या यकृतातल्या गाठीत अपोलिपोप्रोटीन ए-१चा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेली नक्कल) निरोगी यकृतापेक्षा जास्त आलाय, तर गाठ जास्त चरबी रक्तात सोडते असं प्रबंधात लिहावं का?

इतक्यात लिहू नका. हे प्रथिन म्हणजे एचडीएल कणांचा (रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांचा) मुख्य घटक, आणि ट्राउटच्या रक्तात एचडीएल भरपूर असतं. त्यामुळे हे जनुक निरोगी यकृतातही जोरात चालू असतं. एमआरएनए वाढला म्हणून प्रथिन वाढलंच असं नाही. प्रथिन वाढलं तरी कण रक्तात गेले का, हे प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी प्रायमर बघा, म्हणजे मोजायचं जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. सॅमन-ट्राउटच्या पूर्वजात सुमारे ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी सगळा जीनोमच दुप्पट झाला, त्यामुळे या माशांत कितीतरी जनुकांच्या दोन-दोन प्रती सापडतात. ट्राउटमध्ये अपोलिपोप्रोटीन ए-१ची दोन जनुकं माहीत आहेत. प्रायमर दोघांच्या सारख्या भागावर बसत असतील तर तुम्हाला फक्त बेरीज मिळते. एक प्रत वाढून दुसरी घटली तरी त्या आकड्यात दिसणार नाही. एमआरएनएच्या ३' टोकाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात फरक शोधा, प्रत्येक प्रतीला वेगळे प्रायमर करा आणि पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेचं) उत्पादन एकदा सिक्वेन्स करून, म्हणजे त्याचा क्रम वाचून घ्या.

मग गाठ. ट्राउटमधल्या या गाठी बऱ्याचदा मिश्र असतात, म्हणजे यकृतपेशींबरोबर पित्तनलिकेच्या पेशीही वाढलेल्या असतात. कोणत्या पेशी किती आल्या त्यावर आकडा हलतो. म्हणून प्रत्येक गाठ मधोमध कापायची, अर्धी आरएनएसाठी ठेवायची, अर्धी फॉर्मेलिनमध्ये टाकायची. त्याच गाठीची स्लाइड हातात नसेल तर तो नमुना मी मोजणीत धरत नाही.

तुलनेसाठी त्याच माशाचं गाठीबाहेरचं यकृत घेतलंत तर त्यालाही विष मिळालेलं असतं, हे विसरू नका. विष न दिलेले, त्याच वयाचे, तेच खाद्य खाल्लेले मासे हवेतच. नर-मादी वेगळे ठेवा. पक्व मादीचं यकृत इस्ट्रोजेनमुळे व्हिटेलोजेनिन (अंड्यातल्या बलकासाठीचं प्रथिन) बनवायला लागतं आणि चरबीचा सगळा कारभार बदलतो. संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत बाकीचं मोजायचं ते) म्हणून एकटं जीएपीडीएच नको. ते ग्लायकोलिसिसचं (साखर तोडण्याच्या क्रियेचं) एन्झाइम आहे आणि गाठीत नेमकं तेच बदलतं. दोन-तीन संदर्भ जनुकं घ्या, ती तुमच्याच नमुन्यांत स्थिर आहेत का ते आधी पाहा.

जाता जाता: १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यपैदास केंद्रांत ट्राउटना यकृताच्या गाठींची साथच आली होती. खाद्यातल्या सरकीच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन निघालं. अब्जात काही भाग एवढ्यानेही या माशाला गाठी होतात, म्हणून तो या अभ्यासात इतका वापरला जातो. प्रस्तावनेत हे जरूर घाला.

सध्या एवढंच लिहा: ‘गाठीच्या ऊतीत या जनुकाचा एमआरएनए निरोगी यकृताच्या तुलनेत जास्त आढळला.’ प्रायमरचे क्रम इथे टाका, दोन्ही प्रतींशी जुळवून बघू.