साबळे यूजीनला अकरावा, बर्मिंगहॅमला दुसरा: मधल्या दिवसांत बदललं काय?

प्रश्न: अविनाश साबळे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेत अकरावा आला आणि तीन आठवड्यांच्या आत राष्ट्रकुलमध्ये रौप्य जिंकला. इतक्या कमी दिवसांत एवढा फरक कसा पडतो? हे नशीब, डावपेच की तयारीचं टायमिंग?

उत्तर:

नशिबाचा वाटा फार थोडा. माझ्या मते त्या दिवसांत साबळेही फारसा बदलला नव्हता. बदलली ती शर्यत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात रोज पहाटे पोरापोरींना पळायला शिकवतो. हाच प्रश्न मला मैदानावरही येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे बघा. ५ जून २०२२ ला रबातला डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या मालिकेत साबळे ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्यावरच्या उड्यांची शर्यत) ८:१२.४८ मध्ये, म्हणजे ८ मिनिटं १२.४८ सेकंदांत पळाला, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. १८ जुलैला यूजीनची जागतिक फायनल मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने ८:२५.१३ मध्ये जिंकली आणि साबळे ८:३१.७५ घेऊन अकरावा. म्हणजे जगज्जेता साबळेच्या जूनमधल्या वेळेपेक्षा बारा सेकंदांहून जास्त हळू पळाला, तरी साबळे त्याच्या मागे. पुढे ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे ८:११.२० पळाला. पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागे. १९९८ ते २०१८ पर्यंत राष्ट्रकुलच्या या शर्यतीतली तिन्ही पदकं दर वेळी केनियानेच नेली होती. त्या भिंतीला पहिलं भगदाड बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या पोराने पाडलं, हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

आता कारण. डायमंड लीगमध्ये पेसर असतो. सुरुवातीचे लॅप ठरलेल्या वेगाने ओढून नेणं एवढंच त्याचं काम, ते झालं की तो बाजूला होतो. जागतिक किंवा ऑलिंपिक फायनलमध्ये पेसर नाही. जो पुढे जाईल त्याने वारा अंगावर घ्यायचा, वेग ठरवायचं ओझं डोक्यावर घ्यायचं, आणि मागच्यांनी त्याच्या पाठीआड आरामात यायचं. मग पुढे जाणार कोण? कोणीच जात नाही. घोळका रेंगाळतो आणि सगळी शर्यत शेवटच्या लॅप-दीड लॅपवर येऊन ठेपते.

अशा शर्यतीत साबळेसारख्याचं भांडवलच निकामी होतं. त्याची ताकद आहे लांबवर, एकसारखा, कडक वेग धरून ठेवण्यात. २०२० च्या दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये तो १ तास ३० सेकंदांत पळाला होता. ६१ मिनिटांच्या आत पळणारा तो पहिला भारतीय. असा माणूस वेगवान शर्यतीत बाकीच्यांना हळूहळू पिळून काढतो. पण शर्यत रेंगाळली की सगळे ताजेतवाने राहतात, आणि शेवटी ज्याच्याकडे किक, म्हणजे शेवटच्या टप्प्यात एकदम वेग काढायची ताकद आहे तो निघून जातो. बर्मिंगहॅममध्ये केनियाचे तिघे पुढून जोरात ओढत होते आणि साबळे त्यांना चिकटून राहिला. तो वेग त्याच्या मापाचा होता. यूजीनचा नव्हता.

वेळ आणि नंबर यांचं नातं किती सैल असतं ते १५०० मीटरमध्ये आणखी ठळक दिसतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने सुवर्ण जिंकलं ३:५०.०० मध्ये. १९३२ नंतरची ती सगळ्यात हळू विजयी वेळ. शेवटचे ४०० मात्र तो ५१ सेकंदांच्या आत पळाला. २०२४ ला पॅरिसमध्ये नेमकं उलटं झालं. नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन पहिल्या लॅपपासून सुसाट सुटला. इतरांची किक पळवून पळवून मारायची हा त्याचा हिशेब, आणि हिशेब चूक नव्हता. पण मागच्या तिघांना त्याच्या पाठीचा आडोसा मिळाला. शेवटच्या सरळीत अमेरिकेचा कोल हॉकर आतून निघाला आणि ३:२७.६५ चा ऑलिंपिक विक्रम करून गेला. सगळ्यांसाठी वेग ठरवणारा इंगेब्रिग्टसेन चौथा आला. पदक हुकलं म्हणून त्याला मूर्ख म्हणणारे मला पटत नाहीत. स्वतःच्या ताकदीला साजेशी शर्यत घडवायला तो निघाला होता, आणि साबळेलाही बहुतेक वेळा तेच करावं लागतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये त्याने तेच केलं. कोणाची वाट न बघता पुढून पळाला आणि ८:१९.५० मध्ये एकट्याने सुवर्ण घेऊन आला. तिथे त्याला चिकटून राहणारा कोणी नव्हता, हा फरक लक्षात ठेवा.

टीव्हीवर सहज दिसत नाही अशी एक गोष्ट सांगतो. ट्रॅकची एक लेन १.२२ मीटर रुंद असते. पूर्ण लॅप दुसऱ्या लेनमधून पळालात तर साधारण साडेसात मीटर जास्त पळणं होतं. हे सगळं जास्तीचं अंतर वळणांवरच येतं, सरळीत काहीच नाही. म्हणजे एका वळणावर पावणेचार मीटर. ०.०५ सेकंदांनी सुवर्ण हुकतं त्या खेळात पावणेचार मीटर म्हणजे काय ते तुम्हीच बघा. मग पोरं विचारतात, की आतल्या कडेलाच का राहू नये? कारण तिथे माणूस कोंडतो. पुढे एक, उजव्या खांद्याला एक, आणि हवा तेव्हा बाहेरच पडता येत नाही. स्टीपलचेसमध्ये त्यात अडथळे: अठ्ठावीस साधे आणि सात पाण्याचे, पुरुषांसाठी ९१.४ सेंटीमीटर उंच. घोळक्याच्या मधोमध असलात तर पुढचा उडी मारतो तेव्हाच अडथळा दिसतो. पावलं चुकतात, माणूस अडखळतो आणि पुन्हा वेग धरायला ताकद खर्च होते. म्हणून हुशार धावपटू पुढच्याच्या थेट मागे न राहता त्याच्या उजव्या खांद्याशी राहतो. थोडं अंतर जास्त पडतं, पण रस्ता मोकळा राहतो. आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर फक्कीने दोन लेन आखून हेच करतो. चौघांना एकत्र सोडायचं, मधल्याला कोंडायचं, आणि शिट्टी वाजली की त्याने कोणाला धक्का न देता बाहेर पडून दाखवायचं. सुरुवातीला सगळे कोपर मारतात. मग कळतं, की अर्धं पाऊल मागे राहून बाहेर निघणं जास्त सोपं आहे.

हे झाले डावपेच. तुम्ही टायमिंग वेगळं धरलंय, मी त्याला वेगळं धरत नाही. कारण थकलेल्या माणसाचं सगळ्यात आधी काय जातं? किक. दमलेल्या पायांनी ८० टक्के जोरावर तासभर पळता येतं, पण शेवटचे ३०० मीटर सगळं झोकून पळता येत नाहीत. तुमचा डाव कितीही बरोबर असो, त्या दिवशी पाय ताजे नसले तर तो वापरताच येत नाही.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फिनलंडचा लासे विरेन. मिरस्कुला नावाच्या खेड्यातला पोलीस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या फायनलमध्ये अर्ध्या वाटेच्या आसपास तो पडला. उठला, घोळक्याला गाठलं आणि २७:३८.४ च्या जागतिक विक्रमासह जिंकला. ५००० चं सुवर्णही त्याचंच. १९७६ ला माँट्रियलमध्ये पुन्हा दोन्ही सुवर्णं. आणि मधली वर्षं? १९७४ च्या युरोपियन स्पर्धेत ५००० मध्ये कांस्य, एवढंच. त्याच्यावर रक्त चढवून घेतल्याचे आरोप झाले, त्याने ते नाकारले; तो वाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण चार वर्षांतल्या एका आठवड्यासाठी बाकी सगळं दुय्यम मानायची त्याची शिस्त मला मोठी वाटते. अलीकडचं बघायचं तर पॅरिस २०२४ च्या स्टीपलचेसमधला अमेरिकेचा केनेथ रूक्स. फायनलआधी त्याची सर्वोत्तम वेळ ८:१५.०८. शेवटच्या लॅपच्या तोंडाशी तो अचानक सगळ्यांच्या पुढे निघाला, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आणि ८:०६.४१ मध्ये रौप्य घेऊन गेला. जवळपास नऊ सेकंदांची सुधारणा, तीही ऑलिंपिक फायनलच्या दिवशी. डाव आणि ताजे पाय एकत्र आले की असं होतं.

ताजं राहायचं कसं, याला टेपर म्हणतात. यावर झालेल्या अभ्यासांची एकत्र छाननी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा: शर्यतीआधी साधारण दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्के कमी करा, पण वेग कमी करू नका आणि सरावाचे दिवसही कमी करू नका. आठवड्याला ८० किलोमीटर पळणारा पोरगा आधीच्या आठवड्यात ५५ वर आणि शर्यतीच्या आठवड्यात ३५ वर येतो. मात्र त्यातले ४००-४०० मीटरचे तुकडे शर्यतीच्याच वेगाने, फक्त दहाऐवजी पाच, आणि मध्ये पूर्ण विश्रांती. लोक नेमकं उलटं करतात. अंतर तेवढंच ठेवतात आणि हळू पळतात, किंवा चार दिवस पाय वर करून झोपतात. पहिल्याने थकवा उतरत नाही, दुसऱ्याने पाय सुस्तावतात. यामागचं गणित साधं आहे: थकवा लवकर उतरतो, कमावलेला दम हळू उतरतो. त्या फटीत शर्यत बसवायची. शेवटच्या दहा दिवसांत मारलेल्या कडक सरावाचा फायदा त्या शर्यतीत मिळत नाही, थकवा मात्र पुरेपूर मिळतो.

आता आमच्याकडची अडचण. शर्यतींचा मोसम थंडीचा, आणि तीच कापूस वेचणीची वेळ. पोरगा सकाळी कमी पळायला लागला की घरच्यांना वाटतं हा मोकळा आहे. मागे एका पोराचे वडील मैदानावर आले आणि म्हणाले, "सर, हे पोट्टं आता धड पयतही नाही अन् वावरातही येत नाही, मंग करते तरी काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. वेचणीला मजूर मिळत नाही, मजुरी किलोवर, आणि घरातलं एक माणूस कमी म्हणजे खरा तोटा. मी त्यांना बांधावर बसून समजावलं: दिवसभर वाकून वेचलं की कंबर आणि मांडीची मागची शीर आखडते, आणि शेवटच्या लॅपला पाय उचलायला लागते ती तीच शीर. ठरलं असं, की शर्यतीआधीचा आठवडा त्याने वेचणीला वाकायचं नाही, आणि शर्यत झाली की दुसऱ्याच दिवशी पळणं बंद ठेवून आठवडाभर वावरात. शर्यतीनंतर तशीही पळण्याला सुट्टी लागतेच. तेव्हापासून ज्याच्या घरी कापूस आहे त्याच्याबरोबर आम्ही हेच करतो. टेपरच्या पुस्तकी सल्ल्यात ही अडचण येत नाही, पण इथे याच्याशिवाय टेपर होत नाही.

दुसरी अडचण बक्षिसाच्या शर्यतींची. संक्रांत, २६ जानेवारी, शिवजयंती, गावोगावी रोड रेस असतात. पाच हजार, अकरा हजार रोख मिळतात आणि घराला त्याचा आधार होतो. जाऊ नको असं मी कोणालाच म्हणत नाही. पण दर रविवारी जीव तोडून पळणारा पोरगा राज्य स्पर्धेला उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे दम असतो, किक नसते. म्हणून मोसमात एक किंवा दोन शर्यती निवडायच्या आणि त्यांच्यासाठीच टेपर घ्यायचा. बाकी रोड रेस सरावासारख्या पळायच्या: आज फक्त घोळक्यात राहायचं, आज शेवटचा किलोमीटर सोडून जोर लावायचा नाही. बक्षीस आलं तर आलं.

आणि किक फक्त विश्रांतीने येत नाही, ती आधी कमवावी लागते. पारुल चौधरीचं हांगझोऊमधलं ५००० चं सुवर्ण काढून बघा. आदल्या दिवशी स्टीपलचेसचं रौप्य जिंकलेले पाय, आणि तरी शेवटच्या काही मीटरवर तिने जपानच्या रिरिका हिरोनाकाला गाठून मागे टाकलं. थकलेल्या पायांवर वेग काढायची सवय असल्याशिवाय हे होत नाही. आम्ही त्यासाठी आठवड्यातून एकदा १२०० मीटर शर्यतीच्या वेगाने पळतो आणि न थांबता पुढचे ३०० सगळं काढून, असे तीन. मध्ये हवी तेवढी विश्रांती. उन्हाळ्यात हे करायचं नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पहाटे पाचला निवांत लांब पळणं पुरे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो, मग डांबरी रस्ता आणि टेकडीचा चढ. ही ३०० ची कडक कामं दिवाळीच्या आसपास सुरू करायची आणि टेपर लागला की तीनची एक करायची.

तुम्ही स्वतः पळत असाल तर तुमचं अंतर, सध्याची वेळ आणि शेवटच्या लॅपची वेळ कळवा. तिसरा आकडा बहुतेक जण सांगत नाहीत, पण तुमची शर्यत पुढून पळायची की मागून, हे त्याच्यावरूनच सांगता येतं.